सुभेदारांना उन्हात कुणी उभं केलं?

आमच्या ढोलवाल्या बिरूचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात उभा होतो. गलका एवढा की त्याचं बोलणं धड ऐकू येईना. "शेठ, सुभेदार गेलं," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेले?" तो म्हणाला, "तसं न्हवं. वारलं. साताऱ्यात दवाखान्यातनं बोलतुय. फाटकापाशीच पडलं, आणस्तवर समदं संपलं हुतं." त्याला काही आठवडे उलटून गेलेत. राग निवल्यावर लिही, असं घरचे म्हणतात. तो निवत नाही, म्हणून आत्ताच लिहायला बसलोय.

सुभेदार म्हणजे संपतराव, कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. फौजेच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नायब सुभेदार होऊन घरी आले आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. निवृत्त होताना त्यांनी स्वतःच्या पैशाने एक पाइप विकत घेतला होता. गावात त्याला 'पिशवीचा बाजा' म्हणत. लग्नाच्या वरातीत वाजवा म्हणून लोक मागे लागत, ते हसून टाळत. माझं वडिलांच्या वेळचं हळदीचं गोदाम रिकामं पडलं होतं. आम्ही दोघातिघा मित्रांनी तिथं महिन्यातून एकदा लोकसंगीताची मंडळी बोलवायला सुरुवात केली. कधी गोंधळी यायचे, कधी गिटारवर भारूड म्हणणारी कॉलेजची पोरं. ऐकणारे गोणपाटावर बसत आणि घरी जाताना पाठीवर पिवळे डाग घेऊन जात. हे कुठूनतरी कानावर गेलं आणि एका शनिवारी सुभेदार एसटीनं आले, मांडीवर पाइपची पेटी घेऊन. म्हणाले, "मला हितं वाजवायचंय. पगार नको, कवायत नको."

बिरू आटपाडीकडचा धनगर. ढोल आणि ओवी, दोन्हींत तयार. त्या दोघांना एकत्र वाजवायला बसवलं आणि पहिल्याच तालमीत भांडण झालं. पाइपचा आवाज काही हळू करता येत नाही. बिरूचा गळा त्यात बुडूनच गेला. "सुभेदार, तुमची पिशवी जरा गप बसवा," बिरू म्हणाला, "माझी ओवी मलाच ऐकू येईना." मला वाटलं, आता फौजी माणूस चिडणार. सुभेदारांनी पाइप काखेत मारला आणि गोदामाबाहेर पडले. गेले वाटतं, असं आम्ही म्हणतोय तोवर अंगणाच्या पार टोकावरून सूर आला. लांबून, माळावरून यावा तसा. बिरू थांबला, त्यानं कान दिला आणि मग गायला लागला... ओवी संपल्यावर सुभेदार दारात येऊन म्हणाले, "आता दिसली का रं तुजी ओवी?" "आता माजी बकरीबी दिसली," बिरू म्हणाला. तेव्हापासून ते नेहमी दाराबाहेरूनच वाजवायचे. आत गाणाऱ्याला जागा मिळावी म्हणून हा माणूस आपणहून बाहेर उभा राहायचा.

नाव झालं तशी बोलावणी आली. साताऱ्यात एका मोठ्या संकुलाचं उद्घाटन होतं. संयोजक म्हणाले, लोककलेचा सन्मान करायचाय. मी बिरूला आणि सुभेदारांना जा म्हणालो, कारण स्टेजवर अर्धा तास देतो असं संयोजकांनी कबूल केलं होतं. तिथं गेल्यावर कळलं, स्टेज नाहीच. पाहुण्यांच्या स्वागताला फाटकात उभं राहायचं. मांडव आत होता, तोही पाहुण्यांसाठी. वैशाखाचं ऊन, अंगात जाड कोट, डोक्याला फेटा. पाहुणे काही येईनात. संयोजकांचा माणूस दर थोड्या वेळानं सांगायचा, "आता पोचत्यात, वाजवत ऱ्हावा." बिरूनं पाणी मागितलं, तर बाटल्या आत मोजून ठेवल्यात म्हणाला.

बिरू सांगतो, सुभेदारांचे ओठ पांढरे पडले होते. "आवं, बसा जरा सावलीला," तो म्हणाला. सुभेदारांचं उत्तर, "गाडी आली आन् आपण बसल्यालं दिसलो तर? कबूल केलंय नव्हं." यासाठी मी त्यांच्यावरही रागावलोय. आयुष्यभर हुकूम पाळलात सुभेदार, हा हुकूम नव्हता... ज्यानं तुम्हाला पाणी दिलं नाही, त्याला दिलेला शब्द पाळण्याची काही गरज नव्हती. गाडी आली, त्यांनी श्वास भरला आणि ते खाली कोसळले. लोकांनी त्यांना बाजूला घेतलं, कारण गाडीला वाट हवी होती. बिरू त्यांना रिक्षात घालून नेत असताना आत स्पीकरवर ढोलाचं रेकॉर्डिंग लागलं. दुसऱ्या दिवशी बातमीत छापून आलं, कार्यक्रम उत्साहात पार पडला.

तेराव्याला संयोजक गावात आले. "त्यांना आधीचा काही त्रास असणार," मला बाजूला घेऊन म्हणाले. मी त्यांना काय बोललो ते इथं छापता येणार नाही. त्यांच्या माणसांनी श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स आणला होता. त्यावर सुभेदार कोपऱ्यात आणि उद्घाटनाचे पाहुणे मधोमध, हात जोडून. तो घरावर बांधायला लागले तशा लक्ष्मीवहिनी, सुभेदारांच्या पत्नी, बाहेर आल्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "त्यास्नी उनात हुबं केलं तवा डोईवर धराय हातभर कापड न्हवतं. आता एवढं कुठनं गावलं?" "घिऊन जावा," त्या म्हणाल्या. त्या माणसांना सगळ्या गल्लीदेखत फ्लेक्सची गुंडाळी करून तो परत न्यावा लागला, आणि मला त्याचं बरं वाटलं, हे लपवत नाही.

परवा पुन्हा त्यांच्या घरी गेलो. गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकू आला. सूर नाही, ताल नाही, नुसतं घशातून निघावं तसं ओरबाडणं. घराच्या पुढच्या सोप्यात वहिनी पाइप काखेत धरून बसल्या होत्या. तोंड लालभडक, कपाळावर घाम. मला बघून नळी बाजूला केली. "फुकला न्हाई तर कातडं वाळतंय म्हणायचं ते," त्या म्हणाल्या, "म्हणून रोज सांजच्याला घेती."

"वहिनी, दमता तुम्ही. बिरूला सांगतो, तो येऊन..."

"नगं भावजी. मला रडू येत न्हाई. निस्ता संताप येतुया. त्यो कुठंतरी जायला नगं का?"

त्यांनी नळी पुन्हा तोंडात धरली आणि पिशवी भरायला घेतली.