डाव्या हाताची गुणगुण

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराबद्दल पुस्तकात जेमतेम दीड ओळ आहे. किलवणीच्या शाळेत मी इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय, पण "परीक्षेत येत नाही, पुढे चला" म्हणून ती ओळ कायम उडवली. सिल्वासात डायलिसिसच्या डॉक्टरांनी तेच अस्तर केसपेपरच्या मागे काढून दाखवलं, तेव्हा मला स्वतःचाच राग आला. ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला होता. आठवड्यातून तीनदा तिथेच सुया टोचायच्या. पुढे पुढे आतलं अस्तर जाड होतं, वाट बुजते. म्हणून रोज सकाळी हात ठेवून बघायचं, रक्ताची गुणगुण लागते का. नाही लागली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं.

हे पूर्वी नरोलीला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते. मी हात ठेवला की तिथल्या गुजरातीत सांगायचे, "मशीन चालू छे!" सुरुवातीला मला हसू यायचं. तिसऱ्या वर्षी मी नुसतं "हं" म्हणायला लागले. शाळा सुटली की हॉस्पिटल, घरी मोजून पाणी, ह्यांचा वेगळा अळणी स्वयंपाक. मी पार थकले होते.

वार्षिक परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी मी हात ठेवलाच नाही. पर्स खांद्याला लावून दारातूनच विचारलं, "ठीक ना?"

"मशीन चालू छे. जा तू, रिक्षा सुटेल."

खरं सांगते, मला तेवढंच ऐकायचं होतं. त्या दिवशी पेपर संपल्यावर मी इतर बाईंबरोबर चहा घेत बसले, उगाच हसले.

संध्याकाळी हात ठेवला. काहीच लागलं नाही.

"कधीपासून?"

"सकाळी उठलो तेव्हापासून."

मी ओरडले, रडले, रिक्षा आणली. वाटेत विचारलं, "अहो, सांगितलं का नाहीत?" हे बाहेर बघत म्हणाले, "तू हात लावायला आली नाहीस. म्हटलं, आज तुला सुट्टी देऊ."

ती वाट पुन्हा उघडली नाही. काही आठवडे डायलिसिससाठी मानेत नळी होती, मग उजव्या हातात, जेवायच्या हातात, नवा फिस्टुला केला.

आता रिक्षा सुटली तरी मी आधी हात ठेवते. हे आता "मशीन चालू छे" म्हणत नाहीत. मी काय म्हणते, त्याची वाट बघतात.