गोलपोस्टपासून वीतभर

आमच्या मैदानाशेजारच्या गोल्फ कोर्सवर भोंगा वाजला की मी आधी आभाळाकडे बघायचो. वीज जवळ आल्याची ती सूचना. पलीकडचे साहेब लोक छोट्या गाड्यांत बसून क्लबहाउसकडे पळायचे आणि कुंपणाच्या अलीकडे आमचा सराव चालूच राहायचा. भोंगा त्यांच्यासाठी होता. वीज मात्र कुंपण बघून पडत नाही. त्यात मी गोलकीपर, म्हणजे मोकळ्या मैदानाच्या टोकाला, लोखंडी चौकटीत, एकटा.

मी तेव्हा सिंगापूरला शिकत होतो. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. क्लेमेंटी भागातल्या एका फ्लॅटमध्ये पुण्याच्या एका संशोधक दादाबरोबर खोली वाटून राहायचो आणि संध्याकाळी एका हौशी संघाकडून फुटबॉल खेळायचो. संघात बसचालक, कारकून, बंदरातले कामगार. संघाच्या मालकाचं बंदराजवळ तांजोंग पगारला ऑफिस होतं, जहाजांचे सुटे भाग विकायचा. त्यानेच आमच्यासाठी इंग्लंडहून कोच आणले होते.

कोचनी उमेदीची सगळी वर्षं इंग्लिश लीगच्या खालच्या विभागांत घालवली होती. ज्यांची नावं त्या त्या गावाबाहेर कुणाला ठाऊक नसतात, अशा क्लबांत. गुडघा सुजला की इंजेक्शन, आणि पुन्हा मैदान. शेवटी गुडघा गेला तेव्हा ते मॅनेजर झाले. एका क्लबाने त्यांना नाताळाआधी काढलं, दुसऱ्याने नाताळानंतर. हे ते स्वतःच हसत सांगायचे. आकाश गडगडलं आणि कुणी वर पाहिलं की म्हणायचे, "आमच्याकडे याला दुपार म्हणतात."

मी हसायचो नाही. माझे वडील जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम करायचे आणि युनियनचंही. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवरच. जीव धोक्यात घालायला लावणाऱ्या हुकुमाला नकार द्यायचा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. एकदा दादाजवळ बोललो, की पोरांना गोळा करून कोचना सांगायला हवं. तो भात ढवळता ढवळता थांबला.

"इथे युनियनबाजी करू नकोस रे बाबा. स्टुडंट पासवर आहेस तू. तुला परत पाठवलं तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

त्यामुळे मला दोन भीती झाल्या. एक वरची, एक कागदाची.

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर आम्ही वरच्या विभागात जाणार होतो. नाही जिंकलो तर कोचचा इथला कामाचा पास वाढवायचा नाही, असं मालकाने सर्वांदेखत सांगितलं होतं. इंग्लंडात त्यांची वाट पाहणारा एकही क्लब नव्हता, हेही सगळ्यांना माहीत होतं.

उत्तरार्धात बरोबरी असताना भोंगा वाजला. पाऊस असा कोसळला की मला समोरचा गोल दिसेना. रेफरीने खेळ थांबवला आणि दोन्ही संघ पत्र्याच्या शेडखाली गेले. हळूहळू पाऊस ओसरला, पण आभाळ काळंच होतं, आणि गडगडाटाने डोक्यावरचा पत्रा थरथरत होता. रेफरी म्हणाला, दोन्ही कोच तयार असतील तर पुढे खेळवतो, नाहीतर बरोबरीवर संपवतो. समोरच्या कोचनी खांदे उडवले. "तुम्ही उतरलात तर आम्हीही उतरू."

आमच्या कोचनी टाळी वाजवली. "चला."

सगळे उठले. मी बाकावरून हललो नाही. पाय हलतच नव्हते.

"मी नाही जाणार," मी म्हणालो.

आमचा कप्तान मलय होता, बस चालवायचा. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि वाक्याला नेहमीचं सिंगापुरी शेपूट लावत म्हणाला, "इंजिनियर होणार ना तू, भाई? विजेला घाबरून कसं चालेल, लाह?"

"इंजिनियर होणार म्हणूनच घाबरतो."

दोघंतिघं हसले. मग मी उभा राहिलो आणि जे लहानपणापासून वाचलं होतं ते बोलत सुटलो. कुंपणापलीकडच्यांचा जीव तो जीव आणि आमचा काय पालापाचोळा? असं बरंच काही. बोलताना गुडघे एकमेकांवर आपटत होते. कुणी दुजोरा दिला नाही, पण बाहेरही कुणी गेलं नाही.

"मी आयुष्यात कुठल्याच मॅनेजरला 'नाही' म्हटलं नाही," कोच म्हणाले. मग वळून म्हणाले, "थांब. गोलपोस्ट म्हणजे लोखंड आहे नुसतं. हात लावून दाखवतो तुला."

आणि ते एकटेच लंगडत मैदानात निघाले.

तेवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. सपाट हिरव्या मैदानात तो एकच उंच माणूस, आणि त्याला मी तिथे पाठवलेला. गोल्फ कोर्समागे आभाळ फाटल्यासारखं पांढरं झालं, पाठोपाठ आवाज आला. कप्तानाने माझं मनगट घट्ट धरलं. आता तो हसत नव्हता. "परत या, कोच," तो पुटपुटला. इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं.

कोच गोलपोस्टजवळ पोचले. त्यांनी हात पुढे केला. पोस्टपासून वीतभर अंतरावर हात थांबला.

तो तसाच अधांतरी राहिला. पुढे जाईना, मागे येईना. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला, खिशात घातला आणि परत आले. चेहऱ्यावर रंग नव्हता. रेफरीला म्हणाले, "संपव."

मालक छत्रीखालून सगळं पाहत होता. तो छत्री मिटून गाडीत बसला.

पुढच्या आठवड्यात कोचना काढल्याचं कळलं. मी पत्रक लिहिलं. पुढच्या सरावाआधी मैदानावर वाटायचं म्हणून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेलो, आणि काचेतून दुकानदार दिसताच दादाचे शब्द आठवून परत फिरलो. शेवटी तो एकच कागद घेऊन क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मंडईत, कोचना भेटलो. कॉफी पीत त्यांनी तो वाचला.

"'खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी ठाम भूमिका घेतली,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "हा कोण?"

"तुम्ही."

"मी घाबरलो होतो, बेटा. हात पुढे जाईना. ते लिही."

"पत्रकात असं लिहीत नाहीत, कोच."

"का?"

घरातल्या त्या सगळ्या पत्रकांत मुठी होत्या, मशाली होत्या, पण घाबरलेला माणूस एकही नव्हता. आणि शेडमध्ये बोलताना माझे गुडघे काय करत होते, ते मला माहीत होतं.

मी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. त्यांनी ते पुन्हा वाचलं, मान हलवली आणि कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

"हे मी नेतो," ते म्हणाले. "तुझा पास शाबूत राहू दे."