पाठीतलं पाणी
ओल्या सिमेंटचा वास आला की नोएडातलं आमचं तेव्हाचं अर्धवट घर आठवतं. त्या रविवारी बायको, मी आणि आठ वर्षांची पोर भिंतींवर पाणी मारायला गेलो होतो. पोर म्हणाली, "बाबा, पाय जड झालेत." मी म्हटलं, "नाटकं बंद कर, बादली उचल." मंगळवारी तिला उभंच राहता येईना. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मेंदूला आणि मज्जारज्जूला सूज आहे, पाठीत सुई घालून पाणी काढून तपासायचंय, सही करा. मी अडून बसलो. पाठीत सुई घातली की माणूस कायमचा लुळा होतो, असं शेजारी सांगायचे. बायको म्हणाली, "अहो, ती आत्ताच लुळी पडलीय. अजून काय राखताय? सरका." आणि तिने सही केली. पुढे औषध लागू पडलं, दोन महिन्यांनी पोर चालायला लागली. बायको जाऊन आता चार महिने झाले. एक गोष्ट तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हती. सुईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून काहीच कळलेलं नसताना, मी डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, "मेरे भी साइन ले लो." ते म्हणाले, "अब क्या ज़रूरत है?" पण काही बरंवाईट झालं तर सगळं तिच्या एकटीच्या माथी नको, म्हणून मी कागद ओढला आणि तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.