तपकिरी रंगाची दहा मिनिटं

शाळेत माझ्याबरोबर शिकलेल्या दोन बहिणी. थोरली शिवणकामात रमली, धाकटी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागली. गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर अलगद उचलायचा आणि रंगवायचा, हे तिचं तेवीस वर्षांचं काम. हाताखालच्या मुली तिला घड्याळबाई म्हणत. दहा मिनिटं म्हणजे दहाच. त्यात तिने कधी स्वतःचीही गय केली नाही.

तिनेच मला समजावलं होतं. स्तनाच्या कर्करोगात काही प्रथिनं अशी असतात, की ती पेशींत जास्त असली तर गाठ पसरायचा धोका जास्त. प्रथिन नुसतं दिसत नाही. औषध लावून त्या जागी तपकिरी रंग आणावा लागतो. पट्टीच्या एका टोकाला आधी तपासलेल्या, ते प्रथिन नक्की असलेल्या गाठीचा तुकडा असतो. त्यावर रंग यायलाच हवा. नाही आला तर रंगवणाऱ्याचं चुकलं.

यंदा थोरलीच्याच छातीतली गाठ काढली आणि ती धाकटीच्याच प्रयोगशाळेत आली. वडीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पण फॉर्म धाकटीनेच भरला होता.

"दुसऱ्या कुणाला देऊ का?" प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको. माझ्या हाताखालून जाऊ दे."

घरी थोरलीची थट्टा चालूच. "पातळ काप हो. भाजी चिरतेस तसं नको."

"ताई, गप्प बस."

"गप्प कशाला? आयुष्यभर मी तुझे फ्रॉक बेतले, आता तू मला बेत."

दुसऱ्या दिवशी धाकटीने पट्टीवर औषध घातलं. तिसऱ्या मिनिटाला तिचा हात पुढे झाला आणि पट्टी पाण्यात गेली. पाण्यात गेली की रंग चढायचा थांबतो. "ठरवून नाही केलं हो," ती मला म्हणाली. "हात माझा ऐकेना."

सूक्ष्मदर्शकाखाली बहिणीचा तुकडा छान फिकट दिसला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत ती तोच पाहत बसली. मग पट्टी सरकवून टोकाचा तुकडा पाहिला. तोही फिकट होता. ते तिला आधीच ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी जाऊन ती म्हणाली, "माझ्याकडून पट्टी वाया गेली."

"तुमच्याकडून?"

"हो. वेळेआधी काढली."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी दुसऱ्या कुणाला करायला सांगते."

"नको. करते मी."

पुन्हा काप, पुन्हा कोमट पाणी, पुन्हा औषध. या खेपेला तिने दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले. चौथ्या मिनिटाला ताईच्या तुकड्याची कड तपकिरी व्हायला लागली, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी. अजून सहा मिनिटं उभं राहायचं होतं. ती उभी राहिली. तेवीस वर्षांत किती बायकांच्या गाठी तिने अशा रंगवल्या, रंग नीट चढला म्हणून मनात समाधानही मानलं. त्या दिवशी मात्र एकेक मिनिट तिच्या अंगावर आलं. दोन्ही तुकडे गडद, स्वच्छ, एकसारखे उतरले. पट्टी उत्तम झाली होती.

अहवाल थोरलीला डॉक्टरीणबाईंनीच सांगितला. घरी येऊन थोरलीने पर्स खुंटीला लावली, मशीनवरचा अर्धवट ब्लाउज उचलला आणि परत ठेवला.

"काय गं," ती म्हणाली, "या तपासण्या चुकतात ना कधी कधी? औषध जुनं असतं, वेळ कमीजास्त होते. तूच सांगायचीस."

"चुकतात."

"मग माझी चुकली असेल."

धाकटी तिच्याशेजारी बसली. "नाही ताई. मी दोनदा केली."

"दोनदा? का गं?"

धाकटीने हात मागे घेतला. थोरलीने तो ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि धरून बसली.