माहेरची झोप

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. सोलापूरच्या आमच्या ख्रिस्ती देवळात गिरणीत राबणारी एक बाई दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायची. केसांत कापसाचे तंतू, मांडीवर उघडे तळहात. मी उपदेश सुरू केला की तिचा डोळा लागायचा. मी नवा पाळक. मला तो अपमान वाटे. एकदा भर उपदेशात खाली उतरून मी तिला हलवून उठवलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "पाळकसाहेब, ह्ये माज्या बापाचं घर हाय की. माहेराला आलेल्या लेकीला कुनी उठवतं व्हय?"

उरलेला उपदेश मी हळू आवाजात केला. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता म्हातारपणी मी त्याच बाकावर बसतो. नवा पाळक तावातावानं बोलतो, तरी माझा डोळा लागतो. जाग आली की आधी तिच्यासाठी देवाचे आभार मानतो.