मेहबूबभाईंची तार

जऊळक्यात मेहबूबभाईंकडे आता मिक्सर आणि पंखेच दुरुस्तीला येतात. तरी दुकानातला जुना रेडिओ त्यांनी विकला नाही. कुवेतच्या लढाईत त्यांचा भाऊ तिकडे अडकला होता. एकेचाळीस दिवस त्यांनी त्याच रेडिओला कान लावून काढले. भाऊ परत आला. तेव्हापासून त्या रेडिओला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

माझा रवी मालवाहू जहाजावर आहे. जहाज उभं होतं त्या परदेशी बंदरावर बॉम्ब पडले, तिथले फोन बंद झाले. आज बारा दिवस झाले. टीव्हीवर नुसता आरडाओरडा. काल मेहबूबभाई आपणहून रेडिओ बगलेत घेऊन आले.

"ताई, तिकडची बातमी शॉर्टवेव्हवर येते, हिंदीत. तार बांधू द्या."

आमच्या गच्चीवरच्या पंचरंगी झेंड्याच्या पाइपापासून कडुनिंबापर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणली. ती लोखंडाला टेकू नये म्हणून मध्ये बायकोची, अमीनाबीची, काचेची बांगडी अडकवली. मी माझी काढून देत होते.

"तुमच्या हातातली नको. पोरगा येऊ द्या."

शेजारची लिलाबाई खालून ओरडली, "मेहबूब, कपडे वाळू घालाले बरी तार बांधून राह्यला!"

"तुह्या लुगड्यानं तुटन ते, बुढे!"

सव्वासातला बातम्या. रेडिओतून फक्त खरखर. मेहबूबभाईंनी खोलीभर नजर फिरवली.

"ताई, चार्जर काढा. तोच खरखर करून राह्यला."

चार्जरला माझा फोन होता. त्याची बॅटरी मेलेली; वायर काढली की फोन बंद. अकरा दिवस मी ती काढली नव्हती.

"आणि रवीनं फोन केला तर?"

मी वायर काढली.

आवाज स्वच्छ आला. बंदराचं नाव आलं. दोन जहाजांशी संपर्क तुटलाय म्हणे. कोणती, ते सांगितलंच नाही. फोन परत चार्जरला लावला, तर सुरू व्हायला चार मिनिटं. तेवढ्यात रवीनं फोन केला असेल का? कुणाला विचारू?

आज संध्याकाळी सहालाच अमीनाबी आल्या.

"फोन अन् चार्जर दे. माह्या घरी लावते. बातम्या संपेतोवर हलत नाई."

"वाजला तर?"

"तं धावत येते. बुढी झाली, लंगडी नाई झाली."

आज बंदराचं नावही आलं नाही. बातम्या संपल्यावर मी चार घरं सोडून त्यांच्या दारी गेले. अमीनाबी दारातल्या स्विचबोर्डाशी फोन दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मीही हलवली.