पर्स आधी उलटी करायची!

तीन बायका सुई-दोरा घेऊन बसल्या की पर्सा कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात! ऊर्जानगरच्या माझ्या क्वार्टरच्या व्हरांड्यात मी, मायाबाई आणि शबाना मण्यांच्या जुन्या पर्सा दुरुस्त करतो. शबानाची अम्मी अशा पर्सा बनवून विकायची. सगळ्या विकल्या गेल्या, घरी एकही उरली नाही. आता अम्मीही नाही. म्हणून शबाना जाईल तिथे अम्मीच्या हातची पर्स शोधत असते.

*

पर्स हाती आली की आधी उलटी करायची, ही आमची रीत. खरी कारागिरी आतल्या गाठींत दिसते ना!

मायाबाईंच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईकडे झकास मण्यांची पर्स! मायाबाईंना राहवलं नाही. उलटी केली, तर सतरंजीवर कंगवा, सुपारी आणि आणखी तीन मुलींचे फोटो!

मायाबाई शांतपणे म्हणाल्या, "पर्स एक नंबर आहे जी. सोयरीक नाई जमत."

*

नक्षी मोजताना आमच्याशी बोलू नये. मिस्टरांनी बाजारातून फोन केला, "भाजी कोणती आणू?" मी आपली नक्षीतच, "दोन जांभळे, एक पांढरा."

घरी दोन किलो वांगी आणि एक मुळा आला!

*

आमच्या हातची पर्स घेऊन एक मॅडम ताडोबात गेल्या. माकडानं पट्टा धरला. इकडून मॅडम ओढतात, तिकडून माकड! नंतर पर्स आमच्याकडे तपासायला आली, तर एक मणी निसटलेला नाही. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

"माकड थकलं, आपला दोरा नाई थकला!" मायाबाई म्हणाल्या.

*

चिमूरच्या एका लग्नाला आम्ही तिघी गेलो. तिथे शबानानं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि सवयीनं उलटी केली. मालकीणबाई ओरडल्या, "ओ बाई, काऊन हात लावून राह्यल्या माह्या पर्सले?"

शबानाला ऐकूच गेलं नाही. अम्मी डावखुरी, तिच्या गाठी नेहमी उलट्या बाजूला झुकायच्या. या तशाच होत्या. मला तर रडूच आलं.

"मले विकत देता काय?" शबानानं विचारलं.

"नाई जी. सासूबाईची आठवण आहे."

शबानानं आपल्या पर्समधून सुई-दोरा काढला. मग म्हणाली, "नका देऊ. पण कड उसवली आहे, तेवढी शिवू द्या मले."

तिकडे पंगत बसली, इकडे ही शिवत बसली. बाई जरा निवळल्या. "सासूबाई सांगे, हे पर्स बनवणाऱ्या बाईची लहान पोरगी मांडीवर बसून मणी तोंडात घाले. ते बाई एका हातानं मणी ओवे अन् दुसऱ्यानं पोरीच्या तोंडातून काढे!"

शबानानं दातानं दोरा तोडला आणि पर्स त्यांच्या हाती दिली.

"तेच पोरगी शिवून राह्यली होती, बाई!"